व्हीकोर शून्य: ‘बोर्ड गेला’ म्हणून परत आलेल्या लॅपटॉपची गोष्ट

२०२४ च्या जूनअखेर, आयकर विवरणपत्रांच्या ऐन हंगामात, माझा लॅपटॉप बंद पडला. मी रत्नागिरीत घरून हिशेबाची कामं करते. ३१ जुलैची मुदत डोक्यावर होती, त्यात दर महिन्याच्या २० तारखेचं जीएसटी. लॅपटॉप २०१५ चा, इंटेल आय-फाइव्ह, चौथ्या पिढीचा. प्रोसेसर बोर्डावरच सोल्डर केलेला, म्हणजे सॉकेटमधून काढून दुसरा घालून बघू असला प्रकार नाही. तो पुन्हा सुरू होईपर्यंत ऑगस्टचा मध्य उजाडला. मधल्या काळात काय काय झालं ते क्रमाने लिहिते आहे. कुणाचा लॅपटॉप याच जागी अडकला असेल तर कुठून सुरुवात करायची ते तरी कळेल.

लक्षणं मे महिन्यापासूनच होती. पहिल्या दाबात सुरू व्हायचा नाही, बटण पुन्हा पुन्हा दाबलं की व्हायचा. उन्हात तापलेल्या दुपारी मात्र बिनतक्रार. पहिला पाऊस झाला आणि तक्रार वाढली. २४ जूनला सकाळी बटण दाबलं तर दिवा लागला, पंखा फिरला, पडदा काळा. कॅप्स लॉकचा दिवाही बटणाला दाद देईना. नेहमीचे उपाय केले: बॅटरी काढून बटण अर्धा मिनिट दाबून धरणं, रॅम काढून तिचे पाय खोडरबराने साफ करणं, एकेक रॅम आलटून पालटून लावणं, बाहेरचा मॉनिटर जोडणं. काही फरक नाही.

दुरुस्तीला देण्याआधी हार्ड डिस्क काढून घेतली आणि ३५० रुपयांच्या यूएसबी केसमध्ये घालून भाच्याच्या लॅपटॉपला लावली. सगळ्या फायली शाबूत. हे आधी करा. तुमच्या मशीनवर बिटलॉकर (विंडोजचं डिस्कला कुलूप लावणारं साधन) चालू असेल तर दुसऱ्या लॅपटॉपवर ती डिस्क रिकव्हरी की मागते, तेव्हा ती ४८ आकडी की कुठे ठेवली आहे ते मशीन चालू असतानाच बघून ठेवलेलं बरं. माझ्यावर बिटलॉकर नव्हतं. जुलैचं सगळं काम मग भाच्याच्या लॅपटॉपवर, तो कॉलेजातून आल्यावर, रात्री जागून झालं.

जवळचं अधिकृत सर्व्हिस सेंटर कोल्हापूरला. आंबा घाटातून जाऊन लॅपटॉप जमा केला. जॉबशीट भरताना ओळखपत्राची प्रत घेतली, ‘डेटा गेल्यास जबाबदारी आमची नाही’ यावर सही घेतली, आणि वॉरंटी संपलेली असल्याने तपासणीचे ५०० रुपये अधिक १८ टक्के जीएसटी, म्हणजे ५९० रुपये आगाऊ घेतले. मी जॉबशीटवर ‘हार्ड डिस्क नाही, रॅम दोन, अडॅप्टर सोबत’ असं त्यांच्याच अक्षरात लिहून घेतलं आणि रॅमवरच्या क्रमांकांचे फोटो काढले. काउंटरवरचा मुलगा जरा वैतागला, पण लिहिलं.

अंदाजपत्रक यायला आठवडा लागला. ‘मदरबोर्ड फॉल्टी, सीपीयू सेक्शन’ एवढंच निदान. नवीन बोर्ड २१,५०० रुपये, जीएसटी धरून २५,३७०, निम्मी रक्कम आगाऊ, आणि बोर्ड मिळेल की नाही ते मागवल्यावर कळणार. नऊ वर्षांच्या लॅपटॉपवर एवढे पैसे घालण्यात अर्थ नव्हता. ‘दुरुस्ती न करता परत’ अशा कागदावर सही करून तो घरी आणला.

गावातल्या एका दुकानात दाखवला. तिथल्या मुलाने माझ्यासमोरच तळ उघडला, मल्टिमीटर बझरवर (जोड सापडला की वाजणाऱ्या सेटिंगवर) लावला, त्याच्या तारेचं एक टोक, म्हणजे प्रोब, ग्राउंडवर आणि एक प्रोसेसरशेजारच्या कॉइलवर टेकवला. मीटर किंचाळला. “ऐका ताई, वाजतंय. प्रोसेसर शॉर्ट आहे. रीबॉलिंग करू, साडेचार हजार, महिन्याची गॅरंटी.” (रीबॉलिंग म्हणजे उष्णता देऊन प्रोसेसर उचलायचा आणि त्याच्याखालचे सोल्डरचे गोळे नव्याने बसवायचे.) किती ओहम दाखवतोय असं विचारलं तर म्हणाला, “शॉर्ट म्हणजे शॉर्ट, ओहम कशाला?”

याच जागी सगळ्यात जास्त लोक फसतात असं माझं मत आहे, म्हणून जरा थांबून सांगते. प्रोसेसरच्या मुख्य सप्लायला दुरुस्तीवाले व्हीकोर म्हणतात. त्या लाईनचा ग्राउंडशी रेझिस्टन्स मुळातच फार कमी असतो. धडधाकट बोर्डावरही काही ओहमच, काही प्रोसेसरना त्याहून कमी. आणि बहुतेक मीटरांचा बझर तीस-पन्नास ओहमच्या खाली काहीही असलं तरी वाजतो. म्हणजे चांगल्या बोर्डावरही व्हीकोरच्या कॉइलवर तो वाजणारच. तिथे बझर वापरायचाच नाही. मीटर २०० ओहमवर ठेवायचा, आधी दोन्ही प्रोब एकमेकांना टेकवून वायरींचा स्वतःचा रेझिस्टन्स बघायचा आणि तो वजा करायचा. मी घरी येऊन मोजलं: कॉइलवर ५.९, वायरींचे ०.४. उरले साडेपाच ओहम. याला शॉर्ट म्हणत नाहीत.

माझा औद्योगिक इलेक्ट्रॉनिक्सचा डिप्लोमा झालेला आहे, पण त्यानंतर वीस वर्षं हातात कॅल्क्युलेटरच. तेव्हा गेले आमच्या वाडीतल्या टीव्हीवाल्या काकांकडे. काकांनी आयुष्यभर डबा टीव्ही दुरुस्त केले. आता दुकान मुलगा बघतो, मोबाइलची कव्हरं विकतो. काका बोर्ड बघून म्हणाले, “अगो, हा माझ्या डोळ्यांचा माल नाही. पण आधी सप्लाय बघ, मग बाकीची गावं फिर.” त्यांनी त्यांचा बेंच सप्लाय (व्होल्टेज आणि करंटची मर्यादा हवी तशी ठेवता येणारा पॉवर सप्लाय) दिला, ३० व्होल्ट ५ अँपियरवाला, आणि घड्याळजी लावतात तसलं डोळ्यावरचं भिंग.

पहिली गरज नकाशाची. लॅपटॉपवरचं मॉडेल नाव इथे कामाचं नाही, बोर्डावर छापलेला क्रमांक लागतो. बोर्ड बहुतेकदा दुसऱ्याच कंपनीने बनवलेला असतो: कॉम्पलचा असेल तर क्रमांक ‘एलए’ने सुरू होतो, क्वांटाचा असेल तर ‘डीए०’ने. माझा रॅमच्या खाली, पांढऱ्या अक्षरांत होता. त्या क्रमांकावरून स्कीमॅटिकची, म्हणजे सर्किटच्या आकृतीची, पीडीएफ मिळाली आणि बोर्डव्ह्यूची, म्हणजे कुठला भाग बोर्डावर कुठे आहे ते दाखवणारी फाईलही. बोर्डव्ह्यू उघडायला ओपनबोर्डव्ह्यू नावाचं फुकट सॉफ्टवेअर आहे. त्यात एखाद्या भागावर टिचकी मारली की त्याच तारेवरचे बाकीचे सगळे बिंदू उजळतात. पहिले काही दिवस मी फक्त पीडीएफ वाचली. साठेक पानं, त्यातलं ‘पॉवर सीक्वेन्स’ नावाचं एक पान छापून भिंतीवर लावलं.

ते पान वाचताना डोक्यात प्रकाश पडला. लॅपटॉपचे सप्लाय एकदम येत नाहीत, रांगेने येतात. हे सरकारी कचेरीतल्या फायलीसारखं आहे. खालच्या टेबलावर सही झाल्याशिवाय ती वरच्या टेबलावर जात नाही, आणि व्हीकोर हे जवळजवळ शेवटचं टेबल. अडॅप्टरचे १९ व्होल्ट आले की ३.३ आणि ५ व्होल्टचे कायमचे सप्लाय उभे राहतात. त्यावर ईसी (एम्बेडेड कंट्रोलर) नावाची आयसी जागी होते, तीच पॉवर बटणाकडे लक्ष ठेवते. बटण दाबलं की झोपेचे सिग्नल सुटतात, मग रॅमचे १.३५ व्होल्ट, १.०५ व्होल्ट, चालू अवस्थेतले ३.३ आणि ५. या सगळ्यांनी ‘मी ठीक आहे’ असं सांगितलं की ‘व्हीआर-ऑन’ हा सिग्नल व्हीकोरच्या कंट्रोलर आयसीकडे जातो. ती आयसी मॉस्फेटना (वेगाने चालू-बंद होणाऱ्या इलेक्ट्रॉनिक स्विचना) चालवून १९ व्होल्टमधून प्रोसेसरचं व्होल्टेज बनवते. ते आलं की मग रीसेट सुटतो आणि प्रोसेसर बायॉस (बोर्डावरच्या चिपमधला सुरुवातीचा प्रोग्रॅम) वाचायला लागतो. तेव्हा व्हीकोर शून्य दिसला म्हणजे प्रोसेसर मेला असं होत नाही. बऱ्याचदा प्रोसेसरपर्यंत पाळीच आलेली नसते.

ऑगस्टच्या दुसऱ्या आठवड्यात मोजमापाला बसले. बॅटरी काढलेली, बोर्ड लाकडी पाटावर, उष्णता वाहून नेणारी तांब्याची पट्टी प्रोसेसरवर तशीच घट्ट बसवलेली. ती काढून बोर्ड चालू करू नये. एक काळजी वीज देण्याआधीच घ्यायची: १९ व्होल्टची लाईन आणि व्हीकोरची कॉइल यांच्यामध्ये शॉर्ट नाही ना हे बघायचं. वरचा मॉस्फेट आरपार गेलेला असेल तर १९ व्होल्ट थेट प्रोसेसरवर जातात आणि मग रडायलाही कारण उरत नाही. दुसरी काळजी हाताची. त्या भागात १९ व्होल्ट आणि व्हीकोर एकमेकांपासून दोन-तीन मिलिमीटरवर असतात. प्रोब घसरला तर तोच परिणाम. मी दोन्ही प्रोबना टोकापर्यंत हीट-श्रिंक नळी चढवली, टाचणीच्या टोकाएवढाच धातू उघडा ठेवला, आणि मॉस्फेटच्या पायांऐवजी शक्य तिथे जरा दूरच्या कपॅसिटरवर मोजलं. काळा प्रोब हातात धरलाच नाही. मगरचिमट्याने स्क्रूच्या भोकाला लावून टाकला. एक हात मोकळा राहतो.

बेंच सप्लाय १९ व्होल्टवर, करंटची मर्यादा २ अँपियर. बटण न दाबता ०.०२ अँपियर. दाबल्यावर ०.३ च्या आसपास जाऊन तिथेच चिकटला. चालू होणारा बोर्ड इतका शांत बसत नाही, आकडा वरखाली नाचतो. (काही कंपन्यांचे अडॅप्टर मधल्या पिनेतून स्वतःची ओळख पटवतात, तिथे बेंच सप्लायवर बोर्ड वेगळा वागू शकतो. माझा साध्या दोन तारांचा होता.)

मग भिंतीवरच्या पानावर एकेक आकडा लिहीत गेले. कायमचे ३.३, ठीक. कायमचे ५, ठीक. झोपेचे दोन्ही सिग्नल ३.३. रॅमचे १.३५, ठीक. १.०५, ठीक. चालू अवस्थेतले ५ आणि ३.३, ठीक. व्हीकोरची कॉइल: ०.००.

आता कंट्रोलर आयसी. जेमतेम पाच मिलिमीटरची चौकोनी, चारी बाजूंना केसाएवढे पाय. तिला काय काय हवं ते तिच्या डेटाशीटमध्ये असतं, आणि यादी छोटी आहे: स्वतःला चालायला ५ व्होल्ट, व्हीआर-ऑन, १९ व्होल्टची खबर देणारी एक लाईन, आणि प्रोसेसरशी बोलायच्या तीन तारा. माझ्या पिढीच्या प्रोसेसरला ती आयसी व्हीआर-ऑन मिळताच आपणहून १.७ व्होल्ट देते, प्रोसेसरच्या उत्तराची वाट बघत नाही. म्हणून माझ्याकडे तपास सोपा होता. सहाव्या पिढीपासून पुढे बऱ्याच बोर्डांवर ती शून्यावर थांबते आणि प्रोसेसरने मागितल्यावरच व्होल्टेज देते; तिथे व्हीकोर नसण्यामागे बिघडलेला बायॉससुद्धा असू शकतो. आणखी एक: चौथ्या-पाचव्या पिढीत कॉइलवर १.७ ते १.८ व्होल्ट येतात, कारण पुढची विभागणी प्रोसेसर स्वतःच्या पोटात करतो. जुन्या व्हिडिओंत १ व्होल्टच्या आसपासचा आकडा दिसतो, तो बघून दचकू नका.

व्हीआर-ऑनवर ३.३ आले. म्हणजे खालच्या सगळ्या टेबलांवर सह्या झालेल्या होत्या. आयसीच्या ५ व्होल्टच्या पायावर मात्र ०.४.

आयसीच्या शेजारी या लाईनवर १० ओहमचा एक रेझिस्टर असतो, त्याच्यामागे एक कपॅसिटर. रेझिस्टर ०४०२ मापाचा, एक मिलिमीटर लांब, अर्धा मिलिमीटर रुंद. अलीकडच्या टोकाला ५.०, पलीकडच्या टोकाला ०.४. भिंग लावून बघितलं तर पलीकडच्या टोकाशी सोल्डरच्या चकाकीऐवजी मळकट हिरवी-पांढरी बुरशी दिसत होती, रेझिस्टरच्या पोटाखाली शिरलेली. चहा-पाणी या लॅपटॉपवर कधी सांडलेलं नाही. पण माझं टेबल खिडकीशी आहे आणि खिडकीतून समुद्राचा वारा येतो. तळाच्या जाळीतून तो नेमका त्याच कोपऱ्यातून आत ओढला जातो. खारी हवा आणि पावसाळी ओल, दोन्ही मिळून तांबं खातात. आमच्याकडे कुलपं आणि गेटच्या बिजागऱ्यांचं काय होतं ते ठाऊक असूनही लॅपटॉपच्या पोटात तेच चालू असेल हे डोक्यात येत नाही.

प्रोबचं टोक रेझिस्टरवर जरासं दाबून धरलं. पलीकडे ५ व्होल्ट आले. सोडलं, गेले. पुन्हा दाबलं तर बेंच सप्लायचा काटा ०.३ वरून उडाला आणि पंखा घोंघावला. मी हात काढला. काका खुर्चीतून म्हणाले, “ड्राय सोल्डर गो. माझ्या टीव्हीत पण हेच असायचं.” ड्राय सोल्डर म्हणजे वरून जोडलेला दिसणारा, पण आतून सुटलेला सांधा. उन्हाळ्यात दुपारी लॅपटॉप का चालायचा त्याचंही उत्तर मिळालं: तापला की तो सांधा जेमतेम टेकत असणार.

लगेच बदलून टाकावा असा मोह होतो, पण आधी वीज काढून दोन गोष्टी तपासल्या. रेझिस्टर मोजला: १० ओहमच्या जागी मीटर किलो-ओहममध्ये भरकटत होता. आणि आयसीच्या त्या पायाचा ग्राउंडशी शॉर्ट नाही हे बघितलं. असे रेझिस्टर कधीकधी पुढची आयसी शॉर्ट झाल्यामुळे जळतात. तसं असेल तर नवा लावला तरी तोही जाणार. इथे डायोड रेंजवर ०.४५ आलं, शॉर्ट नाही.

नवा रेझिस्टर कुठून आणायचा? असा एक नग रत्नागिरीत कोण देणार! भाऊ मुंबईत असतो. त्याने लॅमिंग्टन रोडवरून ४०० रुपयांना एक भंगार बोर्ड घेतला आणि रात्रीच्या बसने पाठवून दिला. १५ ऑगस्टला सुट्टी होती, त्या दिवशी दुरुस्तीला बसले. या मापाच्या रेझिस्टरवर आकडे छापलेले नसतात. भंगार बोर्डाच्या स्कीमॅटिकमध्ये १० ओहमवाला शोधून उचलला आणि बाहेर काढून मोजला: १०.१.

बुरशी आधी आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि दातांच्या मऊ ब्रशने घासली, पुन्हा पुन्हा, कापूस स्वच्छ निघेपर्यंत. आजूबाजूला उष्णता सोसणारा कॅप्टॉन टेप लावला. फ्लक्स (सोल्डर नीट धरायला लावतात ती पेस्ट) घालून, बारीक टोकाच्या सोल्डरिंगने जुना रेझिस्टर दोन्ही बाजूंनी थोडं जास्तीचं कथील देऊन उचलला. खालचा पॅड काळवंडलेला होता. ब्लेडच्या टोकाने हलकेच खरवडला, तांबं दिसलं तेव्हा कथील धरलं. नवा रेझिस्टर चिमट्याने ठेवताना श्वास रोखून धरावा लागतो, नाहीतर उडतो. (उडला. भंगार बोर्डावर आणखी होते.) शेजारचा एक रेझिस्टरही मळकट दिसत होता, तोही बदलून टाकला. हॉट एअर वापरलं नाही; एवढ्याशा कामासाठी आयसी आणि प्रोसेसरच्या शेजारी गरम वारा सोडायची गरज नव्हती.

बटण दाबलं. कॉइलवर १.७२. करंट ०.३, ०.६, १.१, परत ०.८. मॉनिटर जोडला तर तारीख-वेळ चुकल्याची तक्रार आली, कारण बोर्डावरची नाणं-बॅटरी मी काढून ठेवली होती. ती तक्रार वाचून इतका आनंद मला कधी झाला नसेल. काकांनी चहा मागवला आणि मुलाला बोलावून दाखवलं. तो ‘बरं’ म्हणून परत गिऱ्हाइकाकडे गेला.

त्या कोपऱ्यावर नंतर कन्फॉर्मल कोटिंगचा (बोर्डाला ओलीपासून वाचवणाऱ्या लेपाचा) पातळ थर दिला, कनेक्टर टेपने झाकून. काही जण नखांचं पॉलिश लावतात; मला ते पटत नाही. लॅपटॉपचं टेबल खिडकीपासून हलवलं. खर्चाचं म्हणाल तर तपासणीचे ५९०, कोल्हापूरचं जाणं-येणं वेगळं, २०० ओहमची रेंज असलेला बरा मीटर १,२००, सोल्डरिंग ८५०, फ्लक्स-अल्कोहोल-टेप मिळून ४५०, कोटिंग ३८०, भंगार बोर्ड ४००, डिस्कचा केस ३५०. रेझिस्टर स्वतः पैशांत मोजण्याइतकाही नाही. भंगार बोर्डाची मला बदलीपेक्षा सरावासाठी जास्त मदत झाली; खऱ्या बोर्डाला हात लावण्याआधी त्याच्यावरचे निम्मे रेझिस्टर मी उचलून परत बसवले होते.

स्वतः करायचं नसेल तर दुकानात देताना जॉबशीटवर आकडे लिहून मागा: कायमचे ३.३ आणि ५, रॅमचा सप्लाय, १.०५, व्हीआर-ऑन, कंट्रोलरचे ५ व्होल्ट, आणि कॉइलचा रेझिस्टन्स ओहममध्ये. हे न मोजता प्रोसेसरला उष्णता द्यायला निघालेल्या माणसाकडून लॅपटॉप परत घ्या. भावजयीचा लॅपटॉप गणपतीनंतर तसाच बंद पडला, तेव्हा तिने ठाण्यातल्या एका दुकानात ही यादी दिली. तो माणूस आधी हसला, मग म्हणाला, “वहिनी, हे विचारणारं गिऱ्हाईक पहिल्यांदा बघतोय,” आणि त्याने रॅमच्या सप्लायपुढे शून्य लिहून दिलं. बिल १,८०० रुपये झालं, प्रोसेसरला कुणी हात लावला नाही.